ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० आणि बीबीएम: दंगलीचा फोन म्हणून बदनाम झालेल्या वस्तूचा उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

बंद पडलेल्या वस्तूचा रिव्ह्यू आता कशाला असं कुणी विचारेल. पण लंडनची दंगल यानेच पेटवली असा या वस्तूवर ऑगस्ट २०११ मध्ये जो आरोप झाला तो अजून तसाच फिरतोय, फक्त अ‍ॅपचं नाव बदलतं. कुठल्याही मोठ्या शहरात पोरं रस्त्यावर आली, दुकानं फुटली, गाड्या जळल्या की दुसऱ्या दिवशी कुठलंतरी अ‍ॅप धरलं जातं. लंडनमध्ये तेव्हा ब्लॅकबेरी मेसेंजर होतं, म्हणजे आपलं बीबीएम. मी हा फोन भरपूर वापरलाय आणि त्या दंगलीवर जे हाती लागेल ते वाचतही आलोय, म्हणून म्हटलं दोन्ही एकत्रच लिहू, फोन म्हणून तो कसा होता आणि ज्याच्यासाठी त्याला जबाबदार धरलं ते त्याच्यात होतं का.

आधी फोन. कर्व्ह ८५२० आला २००९ मध्ये, ब्लॅकबेरीतला स्वस्तातला मॉडेल. अडीच इंचाच्या आसपास स्क्रीन, २ मेगापिक्सेल कॅमेरा, फ्लॅश नाही, थ्रीजी नाही, जीपीएस नाही. त्या वेळच्या आयफोनशेजारी ठेवला तर कागदावर कुठेच बसत नाही. पण टायपिंग! खालच्या अर्ध्या भागात पूर्ण कीबोर्ड, बटणं जराशी फुगीर, अंगठ्याला न बघता कळायचं आपण कुठल्या अक्षरावर आहोत, मोठा मेसेज सुद्धा चालता चालता लिहून व्हायचा. जुन्या मॉडेलमध्ये फिरणारा छोटा बॉल असायचा आणि त्यात घाण जाऊन तो अडकायचा, इथे त्याच्या जागी ट्रॅकपॅड आला आणि ती कटकट गेली. मेसेज आला की कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायचा. तेवढ्या दिव्यासाठी माणूस दर दोन मिनिटांनी फोनकडे बघायचा, हे मी अनुभवाने सांगतोय. ब्राउझर मात्र अगदीच कंटाळवाणा, एक पान उघडेपर्यंत आपण कशासाठी उघडलं तेच विसरायला व्हायचं.

पण हा फोन लोकांनी ब्राउझरसाठी घेतलाच नव्हता, घेतला तो बीबीएमसाठी. रिसर्च इन मोशन या कॅनडाच्या कंपनीने ते २००५ मध्ये काढलं, खरं तर ऑफिसवाल्यांच्या फोनवर. ते शाळेतल्या पोरांच्या हातात कसं गेलं तर सरळ पैशाचं गणित आहे, प्रत्येक एसएमएसला पैसे पडायचे आणि बीबीएम डेटा प्लॅनमध्ये कितीही पाठवा. ब्रिटनमध्ये प्रीपेडवर कर्व्ह मिळायला लागला आणि ज्या घरात महागडा फोन परवडत नव्हता त्या घरातली पोरंही स्मार्टफोनवाली झाली. ऑफकॉम ही तिकडची नियामक संस्था, तिच्या २०११ च्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या टीनएजर्सपैकी ३७ टक्क्यांकडे ब्लॅकबेरी निघाला, तिथल्या पोरांमध्ये हाच सगळ्यात चालणारा फोन होता. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दंगलीत पोरांच्या हातात ब्लॅकबेरी दिसले याच्यामागे सगळ्यात साधं कारण हे आहे की पोरांच्या हातात तसेही ब्लॅकबेरीच होते.

आता बीबीएममध्ये खास काय होतं. नंबर द्यायची गरज नव्हती, आठ अक्षर-आकड्यांचा एक पिन असायचा, तो दिला की झालं. मेसेज पोचला की डी, वाचला की आर, त्यामुळे समोरच्याने वाचून उत्तर दिलं नाही हे कळायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. ग्रुप करता यायचे. आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज तुमच्या यादीतल्या सगळ्यांना एका झटक्यात, त्यातल्या प्रत्येकाने तो पुढे आपल्या यादीला ढकलला की अर्ध्या तासात तो शहरभर. ट्विटरवर लिहिलेलं कुणीही वाचू शकतं, पोलीसही आणि पत्रकारही, बीबीएम मात्र बाहेरच्याला दिसत नव्हतं. पोरांना वाटायचं हे पूर्ण सुरक्षित आहे. ते तसं नव्हतं. ऑफिसच्या सर्व्हरवर चालणाऱ्या फोनचं वेगळं, पण साध्या ग्राहकाचे मेसेज ज्या किल्लीने गुंडाळले जायचे ती सगळ्या हँडसेटना एकच होती आणि कंपनीकडे होती. शिवाय पकडलेल्या पोराचा फोन उघडला की त्यातलं सगळं समोरच असायचं. लंडन पोलिसांनी नंतर खासदारांच्या समितीला सांगितलंच की बीबीएम आणि ट्विटरवरच्या मेसेजवरून त्यांना ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि ऑलिम्पिकच्या जागेवर जमायचे बेत आधी कळले. प्रायव्हसीला मी म्हणूनच कमी मार्क देतो, कंपनीने पोरांना हे स्पष्ट सांगायला हवं होतं.

त्या आठवड्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ४ ऑगस्ट २०११ ला उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये मार्क डगन या २९ वर्षांच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी गोळी घातली, तो मेला. पोलिसांवर आधी गोळी झाडली गेली असा समज बातम्यांमधून पसरला, तो चुकीचा होता, आणि आपल्याच बोलण्यातून तो समज झाला असू शकतो हे चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने नंतर मान्य केलं. आईवडिलांना रीतसर कळवलंही गेलं नव्हतं. शनिवारी, ६ तारखेला, घरचे आणि शेजारी ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतीतून पोलीस स्टेशनपर्यंत चालत गेले, मागणी एवढीच की कुणीतरी वरिष्ठ अधिकारी बाहेर येऊन बोलावा. तासन् तास थांबले. समाधान होईल असं कुणी आलं नाही. अंधार पडल्यावर पोलिसांच्या गाड्या जळायला लागल्या, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत हे एनफिल्ड, हॅकनी, ब्रिक्स्टन, क्रॉयडन, मग बर्मिंगहॅम, मँचेस्टर, सॅलफर्ड, लिव्हरपूल, नॉटिंगहॅमपर्यंत गेलं. पाच माणसं मेली. ईलिंगमध्ये ६८ वर्षांचे एक गृहस्थ आग विझवायला गेले आणि मारहाणीत गेले. बर्मिंगहॅममध्ये आपल्या वस्तीची दुकानं राखत उभे असलेले तीन तरुण गाडीखाली सापडून मेले आणि त्यातल्या एकाच्या वडिलांनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून शांत राहा, घरी जा म्हणून सांगितलं. दुकानांच्या वर लोक राहत होते, ती घरंही जळली. हे मी मुद्दाम लिहितोय कारण कारणं शोधायला बसलं की माफ करायला बसलाय असं लोकांना वाटतं, आणि ज्यांचं घर जळलं त्यांच्यासमोर ते बोलणं फार स्वस्त होतं.

आणि या सगळ्यात बीबीएमचा हात होता का? होता. टॉटनहॅमच्या बाहेर हे इतक्या लवकर कसं गेलं याचं उत्तर बऱ्याच अंशी ब्रॉडकास्टमध्ये आहे, कुठे जमायचं, कुठलं दुकान उघडं पडलंय, पोलीस कुठे नाहीत, हे सगळं त्यावरून फिरलं. पोलीस एका चौकात पोचेपर्यंत पोरं दुसऱ्या चौकात. ९ ऑगस्टला लंडनमध्ये पोलिसांची संख्या १६ हजारांवर न्यावी लागली तेव्हा कुठे शहर हाताशी आलं. याच्यासाठी बीबीएमला दोष द्यायचा असेल तर तेवढा दोष खरा आहे, मी तो झाकत नाही.

पण त्यात फिरलेला एक मेसेज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यात लंडनच्या सगळ्या भागातल्यांनी ऑक्सफर्ड सर्कस या मध्य लंडनमधल्या चौकात यायचं होतं, आणि आपापल्या एरियाची भांडणं तेवढ्यापुरती बाजूला ठेवायची होती. लंडनमध्ये पोरांमध्ये पोस्टकोडवरून वैर चालतं, म्हणजे अमुक पिनकोडचा पोरगा तमुक रस्ता ओलांडून गेला तर मार खाऊन येणार, कधी चाकू. काही पोरं तर आपल्या वस्तीबाहेर बसनेही जायला घाबरतात. ती पोरं त्या चार दिवसांत एकमेकांच्या शेजारी उभी होती, आणि नंतर संशोधकांशी बोलताना त्यांच्यातल्या कित्येकांनी हेच मोठ्या आश्चर्याने सांगितलं की गँगांनी आपसातलं तेवढ्यापुरतं थांबवलं होतं. मेसेज पाठवणं हे फोनचं काम. पण एरवी एकमेकांना बघून घेणारी पोरं तो वाचून खरंच एक होतात, याच्यासाठी त्या सगळ्यांच्या मनात आधीपासून एक समान काहीतरी असावं लागतं. ते पोलीस होते.

गार्डियन हे वर्तमानपत्र आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांनी मिळून दंगलीत उतरलेल्या २७० जणांशी प्रत्यक्ष बोलून अभ्यास केला. त्यातल्या ७३ टक्क्यांना मागच्या वर्षभरात रस्त्यात अडवून झडती घेतली गेली होती. ८५ टक्के म्हणाले पोलिसांचं वागणं हे दंगलीचं महत्त्वाचं कारण, गरिबी म्हणणारेही जवळपास तेवढेच, ८६. त्या काळात इंग्लंडमध्ये काळ्या माणसाची झडती व्हायची शक्यता गोऱ्याच्या सातपट होती. आता झडती म्हणजे काय ते नुसतं वाचून कळत नाही. सोळा वर्षांचा पोरगा शाळेतून येतोय, भर रस्त्यात थांबवला, खिसे उलटे, दप्तर रस्त्यावर, शेजारची बाई बसस्टॉपवरून बघतेय, पाच मिनिटांनी काही सापडत नाही, जा म्हणतात. त्या बाईने काय बघितलं? पोलिसांनी याला धरला एवढंच. हे महिन्यातून दोनदा होतं, धाकटा भाऊ ते बघतो, तो आपली पाळी येणार हे धरूनच मोठा होतो. अपमानाचं हे असं साठणं पोरांच्या बोलण्यात, चालण्यात, कुणाशी मैत्री करायची आणि कुणाला उत्तर द्यायचं नाही या सगळ्यात उतरतं. याला मी सांस्कृतिक कारण म्हणतो, आणि संस्कृती हा शब्द काढला की लोक रॅप संगीत आणि हुडीवर घसरतात ते मला अजिबात पटत नाही.

त्यात ब्रॉडवॉटर फार्मची आठवण. हीच वसाहत १९८५ मध्ये पेटली होती, पोलीस घराची झडती घेत असताना एका काळ्या महिलेचा मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या दंगलीत एका पोलीस कॉन्स्टेबलला जमावाने मारलं. दोन्ही बाजूंच्या मनात ती रात्र राहिलेली, २०११ मधली बहुतेक पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती पण जागा तीच, घरं तीच, मोठी माणसं तीच.

आता ज्याच्यावर फार कमी बोललं गेलं ते. टॉटनहॅम ज्या हॅरिंगे कौन्सिलमध्ये येतं त्या कौन्सिलने त्याच वर्षी युवा सेवांचं बजेट ७५ टक्क्यांनी कापलं आणि १३ पैकी ८ यूथ क्लब बंद केले. दंगलीच्या काही दिवस आधी त्या क्लबमधल्या पोरांच्या मुलाखतींचा व्हिडिओ वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर आला होता, त्यात एक पोरगा सरळ म्हणतोय की दंगली होणार. यूथ क्लब म्हणजे काय तर एक हॉल, टेबल टेनिस, एखादा कॉम्प्युटर, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एक असा मोठा माणूस जो ना बाप ना मास्तर ना पोलीस, ज्याला पोराचं नाव माहीत आहे, त्याचा मोठा भाऊ आत आहे हे माहीत आहे, आणि संध्याकाळी भडकलेल्या पोराला जो बाजूला घेऊन बसवतो. तो माणूस एका वर्षात तयार होत नाही, विश्वासाला वेळ लागतो, आणि काढायला एक पत्र पुरतं. शिवाय १६ ते १९ वर्षांची गरीब घरातली पोरं शिक्षणात टिकावीत म्हणून आठवड्याला १० ते ३० पौंड मिळायचे तो भत्ता इंग्लंडमध्ये त्याच वर्षी बंद झाला. ३० पौंड म्हणजे बसचा पास आणि डबा, तेवढ्यावर कुणाचं कॉलेज चालू होतं. डिसेंबर २०१० मध्ये विद्यापीठाची फी वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत नेण्याला संसदेने मंजुरी दिली. १६ ते २४ वयातल्या नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांमधला साधारण पाचवा हिस्सा २०११ मध्ये बेकार होता, आणि त्या वर्षाच्या शेवटाला अशा बेकारांचा आकडा १० लाखांच्या वर गेला.

कोर्टात उभे केलेल्यांचे सरकारी आकडे बघा. निम्म्याहून जास्त वीस किंवा त्याहून कमी वयाचे. त्यातल्या शाळकरी मुलांपैकी ४२ टक्के शाळेत फुकट जेवण मिळण्याइतक्या गरीब घरातले, देशात हे प्रमाण १६ टक्के. त्याच मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांना आधीच्या एका शालेय वर्षात कधीतरी काही दिवसांसाठी शाळेतून काढलेलं. मोठ्यांपैकी ३५ टक्के बेकारीच्या किंवा तशा भत्त्यावर, देशात १२ टक्के. गँगवाले म्हणून जे पहिल्या दिवसापासून ओरडलं गेलं ते १३ टक्केच निघाले. मला यातला शाळेतून काढण्याचा आकडा सगळ्यात जास्त बोचतो. पोरगं वर्गात त्रास देतं म्हणून बाहेर काढलं, वर्ग शांत झाला, पण ते पोरगं सकाळी अकरा वाजता कुठे आहे? रस्त्यावर. आणि रस्त्यावर कोण भेटतं, झडती घेणारे पोलीस आणि त्याच्यासारखीच काढलेली पोरं.

मग लूट. हा भाग अवघड आहे आणि याला बगल देऊन चालणार नाही, कारण २०११ मध्ये दुकानं अगदी मध्यभागी होती. बुटांची दुकानं, मोबाइलची, टीव्हीची. काही पोरांनी संशोधकांना सांगितलं की फुकट मिळत होतं म्हणून गेलो, बस. मी त्यांचं म्हणणं खरं मानतो, प्रत्येकाच्या हातात राजकीय मागणी होती असं म्हणणं खोटं होईल. पण जरा विचार करा, हाच कर्व्ह माझ्या हातात का होता? कीबोर्डसाठी तर होताच, पण तो टेबलावर ठेवला की समोरच्याच्या नजरेत आपण काहीतरी असायचो, हेही होतंच. पोरांना लहानपणापासून बसस्टॉपच्या जाहिरातीपासून शाळेच्या मैदानापर्यंत हेच शिकवलेलं असतं की पायात काय आहे त्यावर तू कोण ते ठरणार. आणि त्याच दुकानात ती पोरं शिरली की सिक्युरिटी मागे मागे फिरणार. हवंसं वाटायला लावायचं आणि मिळण्याचे रस्ते एकेक करून बंद करायचे, नोकरीच्या अर्जाला उत्तर नाही, भत्ता गेला, फी वाढली, आणि मग एका रात्री काच फुटलेली आहे आणि पोलीस नाहीत. राग आणि हाव एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, बहुतेक वेळा तशाच असतात, म्हणून हा निषेध की ही चोरी या वादात मला काही दम वाटत नाही.

राजकारण्यांनी मात्र तो वाद एका दिवसात मिटवून टाकला. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी ही निव्वळ गुन्हेगारी आहे असं सांगितलं, ११ ऑगस्टला संसदेत सोशल नेटवर्क थांबवता येईल का ते तपासतोय म्हणाले. टॉटनहॅमचे खासदार डेव्हिड लॅमी, जे स्वतः त्याच भागात वाढले आणि ज्यांनी नंतर कारणांबद्दल बरंच नीट बोललं लिहिलं, त्यांनी सुद्धा त्या गडबडीत बीबीएम बंद करा अशी मागणी केली. २५ तारखेला गृहमंत्र्यांनी फेसबुक, ट्विटर आणि ब्लॅकबेरीवाल्यांना बोलावलं, बंदी काही झाली नाही. फेसबुकवर दंगलीचं आमंत्रण टाकणाऱ्या विशीतल्या दोन तरुणांना प्रत्येकी ४ वर्षं झाली, त्या आमंत्रणावरून एकही दंगल झाली नव्हती. साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्या एका विद्यार्थ्याला ६ महिने. दुसरीकडे गार्डियनच्या त्याच संशोधनात सुमारे २६ लाख ट्वीट तपासले तर ट्विटर भडकवायला फार वापरलं गेलंच नव्हतं, उलट झाडू घेऊन सफाईला या म्हणून लोक त्यावर जमले.

आणि नेटवर्क बंद करून बघण्याचा प्रयोग योगायोगाने त्याच दिवशी, ११ ऑगस्टला, अमेरिकेत झालाच होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेने पोलीस गोळीबाराविरुद्धचं आंदोलन होऊ नये म्हणून काही स्टेशनांमधली मोबाइल सेवा तोडली, तर पुढचे कित्येक दिवस लोक त्या तोडण्याविरुद्धच स्टेशनात येऊन उभे राहिले.

फोन नसताना काय होत होतं तेही बघायला हवं ना. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला विनापरवाना बारवर पोलिसांची धाड पडली आणि त्या दंगलीत ४३ माणसं मेली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दंगलींची कारणं शोधायला केर्नर आयोग नेमला, तेव्हाही बाहेरून कुणीतरी कट केला असणार असंच वातावरण होतं, आयोगाला कट सापडला नाही. सापडला तो त्याच शहरात वाढलेला तरुण, शाळा अर्धवट सुटलेली, हाताला धड काम नाही, आणि तरी दंगलीत न उतरलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्तच शिकलेला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, सगळ्यात पिचलेला माणूस उतरत नाही, ज्याला काहीतरी व्हायचं होतं आणि होऊ दिलं गेलं नाही तो उतरतो. १९८१ मध्ये दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनला पोलिसांनी स्वॅम्प ८१ नावाची मोहीम काढली, काही दिवसांत ९४३ जणांना अडवलं, त्याच आठवड्यात ब्रिक्स्टन पेटलं. त्या दंगलीच्या चौकशीचा लॉर्ड स्कारमन यांचा अहवाल त्याच वर्षी आला, त्यात पोलिसांचं वागणं, बेकारी, घरं, सगळं लिहिलेलं आहे. तीस वर्षांनी तेच सगळं पुन्हा लिहावं लागलं. डेट्रॉइटला अन् ब्रिक्स्टनला निरोप पसरायला माणसं आणि रस्ते पुरले.

तर रेटिंग. कीबोर्डला ५ पैकी ५, अजून तसा झाला नाही. बीबीएमच्या मेसेजिंगला ४, एक तारा कापतो तो ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस अर्ध्या जगात सेवा बसली होती त्याबद्दल, आणि तेव्हा कंपनीने ग्राहकांना अंधारात ठेवलं त्याबद्दलही. प्रायव्हसी २. ब्राउझर १. दंगल घडवण्याबद्दल मी त्याला तारा देतही नाही आणि कापतही नाही, वेगाने पसरवण्याचा दोष त्याचा आहे तो वर लिहिलाच. आता कलेक्शनसाठी कुणी जुना कर्व्ह घेणार असेल तर घ्या पण वापरायला घेऊ नका, ग्राहकांसाठीचं बीबीएम ३१ मे २०१९ ला बंद झालं आणि जानेवारी २०२२ पासून जुन्या ब्लॅकबेरीच्या सेवाही गेल्या, कॉल-मेसेजचाही भरवसा नाही.

नव्या अ‍ॅपचं प्रकरण वेगळं आहे, त्यात व्हिडिओ आहेत, नकाशा आहे, असं म्हणणारे भेटतात. खरं आहे. २७ जून २०२३ ला पॅरिसच्या बाहेर नाँतेरमध्ये १७ वर्षांच्या नाहेलला गाडी चालवताना पोलिसाने गोळी घातली, व्हिडिओ आला म्हणून पोलिसांचं पहिलं म्हणणं टिकलं नाही, आणि स्नॅपचॅटच्या नकाशावर कुठे काय पेटलंय ते दिसत होतं. अध्यक्ष मॅक्रॉन यांनी सोशल मीडिया आणि व्हिडिओ गेम्सवर बोट ठेवलं, वेळ पडली तर नेटवर्क तोडण्याचीही भाषा केली. चालत्या गाडीवर गोळी झाडायची पोलिसांची मोकळीक २०१७ च्या कायद्याने वाढवली होती त्यावर बोलणं कमी झालं. पकडलेल्यांचं सरासरी वय १७ असं गृहमंत्र्यांनीच सांगितलं. म्हणजे यातली बरीचशी पोरं २००६ च्या आसपास जन्मलेली. त्याच्या आदल्या वर्षी, २७ ऑक्टोबर २००५ ला, पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांपासून पळणारी १५ आणि १७ वर्षांची दोन मुलं विजेच्या सबस्टेशनमध्ये लपायला गेली आणि शॉक लागून मेली, तीन आठवडे फ्रान्सची उपनगरं जळत होती, आणीबाणी लावावी लागली. त्या प्रकरणातले दोन पोलीस २०१५ मध्ये निर्दोष सुटले, तेव्हा ही पोरं प्राथमिक शाळेत होती आणि स्नॅपचॅटच्या नकाशाला अजून दोन वर्षं होती.